पिशवी, केस पेपर आणि ऑर्डर: नव्याने रुजू झालेल्या परिचारिकांसाठी औषध-पडताळणीची पद्धत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातील रुग्णालयात काम सुरू केलेल्या परिचारिकेच्या लवकरच लक्षात येते की इथल्या रुग्णाची औषधे एका डॉक्टरांकडून, एका दुकानातून किंवा एका राज्यातूनही आलेली नसतात. निपाणीचा रुग्ण हृदयाच्या तपासणीसाठी कोल्हापूरला जातो, कागवाड-अथणीकडचा मिरजेला जातो, खानापूरचा बेळगावला किंवा गोव्याला जातो आणि चंदगड-गडहिंग्लजकडची माणसे बेळगावला येतात. त्यात गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या बीपी-शुगरच्या गोळ्या, जनऔषधी केंद्रातून आणलेली औषधे, गुडघेदुखीसाठी मेडिकलवाल्याने दिलेली पाकिटे आणि घरचा काढा यांची भर पडते. प्रत्येक डॉक्टरांनी आपापल्या जागी योग्य तेच लिहिलेले असते, पण सगळे एकत्र पाहिलेला माणूस बहुतेक वेळा कोणीच नसतो. ते एकत्र पाहण्याचे काम ज्या पद्धतीने होते तिला औषध-पडताळणी म्हणतात, आणि रुग्णाच्या उशाशी सर्वांत जास्त वेळ परिचारिकाच असल्यामुळे हे काम प्रत्यक्षात तिच्याच हातून होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी निम्म्याने कमी करण्याची मोहीम जाहीर केली. त्या मोहिमेत ज्या तीन परिस्थितींकडे विशेष लक्ष वेधले आहे, त्या म्हणजे अतिजोखमीचे प्रसंग (अतिजोखमीची औषधे धरून), एकाच वेळी अनेक औषधे चालू असणे आणि रुग्ण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे. सीमाभागातील वयस्क रुग्ण या तिन्हींत एकाच वेळी बसतो.

पडताळणी करायची वेळ ठरलेली आहे. रुग्ण दाखल होताना, वॉर्ड बदलताना (विशेषतः आयसीयूतून बाहेर येताना), शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर, आणि घरी जाताना ती करावी. पहिली पडताळणी नीट झाली तर पुढच्या सगळ्या सोप्या जातात, म्हणून या लेखात तिच्यावर जास्त भर दिला आहे.

पहिली पायरी: औषधांकडे वळण्यापूर्वी

रुग्णाचे पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक या दोन्ही गोष्टी केस पेपरशी आणि मनगटावरच्या पट्टीशी जुळवाव्यात. आपल्या भागात एकाच आडनावाचे, एकाच गावचे आणि एकाच नावाचे दोन रुग्ण एका वॉर्डात असणे मुळीच दुर्मीळ नाही. “तुम्हीच ना पाटीलकाका?” असे विचारल्यास ऐकू कमी येणारा कोणताही रुग्ण मान हलवतो, त्यामुळे “काका, तुमचं पूर्ण नाव सांगा” असेच विचारावे.

त्यानंतर वजन, वय, गर्भारपण किंवा अंगावर पाजणे, मूत्रपिंड आणि यकृत यांच्या तपासण्यांचे ताजे आकडे, आणि ॲलर्जी यांची नोंद आहे की नाही हे पाहावे. वजन अंदाजाने लिहू नये, काट्यावर घ्यावे, कारण लहान मुलांचे जवळजवळ प्रत्येक औषध किलोमागे मोजले जाते. सिरम क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या कामाची कल्पना देणाऱ्या रक्ततपासणीचा) आकडा औषधांच्या यादीशेजारीच लिहून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. तो वेगळ्या पानावर राहिला की औषध देताना कोणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही.

ॲलर्जीच्या बाबतीत “काही ॲलर्जी आहे का?” या प्रश्नाला बहुतेक वेळा “नाही” हेच उत्तर मिळते. त्याऐवजी “कुठलं इंजेक्शन किंवा गोळी कधी भोवली होती काय? अंगावर गांधी उठल्या, तोंड सुजलं, दम लागला, असं काही झालं होतं काय?” असे विचारल्यास खरी माहिती बाहेर येते. जे सांगितले जाईल ते जसेच्या तसे लिहावे. गोळी घेतल्यावर मळमळणे आणि गोळी घेतल्यावर ओठ-जीभ सुजणे यांत फार फरक आहे, आणि नुसते ‘ॲलर्जी आहे’ असे लिहिल्याने तो फरक पुसला जातो. पेनिसिलिन सोसत नाही असे कळले, तर अमॉक्सिसिलिन-क्लाव्ह्युलॅनिक ॲसिड आणि पायपरासिलिन ही त्याच कुळातील औषधे आहेत हे लक्षात ठेवून तशी ठळक नोंद करावी, कारण ती वेगवेगळ्या ब्रँडच्या नावांखाली येतात आणि नावावरून कूळ ओळखू येत नाही.

दुसरी पायरी: पिशवी उघडणे

रुग्णाच्या सोबत आलेल्या नातेवाइकांकडे औषधांची पिशवी मागावी. ती आणली नसेल तर घरून मागवावी, आणि तोवर घरी असलेल्या व्यक्तीला फोन करून सगळ्या स्ट्रिपांचे पुढून व मागून फोटो पाठवायला सांगावे. डिस्चार्ज कार्डावरून यादी उतरवून घेणे सोपे असते, पण ते कार्ड त्या दिवशी काय लिहून दिले एवढेच सांगते. आज सकाळी काय पोटात गेले ते फक्त पिशवी आणि रुग्ण हे दोघेच सांगू शकतात.

पिशवी रिकामी करून प्रत्येक वस्तू टेबलावर किंवा पलंगाच्या कडेला मांडावी आणि एकेक स्ट्रिप हातात घेऊन रुग्णाला दाखवत विचारावे. खानापूरकडच्या एखाद्या आजींचे उदाहरण घेऊ.

“आजी, ही गोळी कधी घेतासा?”

“ती सकाळची. बीपीची.”

“आणि ही पांढरी?”

“ती बी बीपीचीच. सरकारी दवाखान्यातली. ती रात्री.”

पहिल्या स्ट्रिपवर मोठ्या अक्षरांत ब्रँडचे नाव आणि खाली बारीक अक्षरांत टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम असे छापलेले असते, दुसऱ्या स्ट्रिपवर ठळक अक्षरांत टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम एवढेच असते. एकच औषध सकाळी खासगी डॉक्टरांच्या नावाने आणि रात्री आरोग्य केंद्राच्या नावाने, असे रोज ८० मिलिग्रॅम पोटात जात असते आणि दोन्ही डॉक्टर आपण ४० मिलिग्रॅम दिले आहे असे समजत असतात. आजींना उठल्यावर चक्कर येते ती ‘वयामुळे’ असे घरच्यांनी ठरवून टाकलेले असते. सीमाभागात अशी दुबार औषधे वरचेवर सापडतात, म्हणून स्ट्रिप वाचताना ब्रँडच्या नावावर थांबू नये. आतील औषधाचे मूळ नाव, त्याचे प्रमाण आणि मुदत संपण्याची तारीख या तिन्ही गोष्टी वाचाव्यात. एका गोळीत दोन किंवा तीन औषधे असतील तर प्रत्येकाचे नाव स्वतंत्र लिहावे.

कापलेल्या स्ट्रिपा ही वेगळी अडचण आहे. दुकानदार पाच गोळ्या कापून देतो तेव्हा नाव एका तुकड्यावर आणि तारीख दुसऱ्या तुकड्यावर जाते. ज्या गोळीचे नाव खात्रीने वाचता येत नाही ती आकारावरून किंवा रंगावरून ओळखण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. ती ‘अनोळखी’ म्हणून नोंदवावी, बाजूला ठेवावी आणि ज्या दुकानातून आणली तिथे चौकशी करावी.

आता जे पिशवीत नाही त्याकडे वळावे. इंजेक्शने, इन्हेलर, डोळ्यांचे थेंब, मलम, त्वचेवर लावायची औषधी पट्टी, झोपेची गोळी, गर्भनिरोधक गोळ्या यांना रुग्ण ‘औषध’ मानत नाहीत आणि म्हणून सांगत नाहीत. काढा, चूर्ण, भस्म, कारल्याचा रस, मेथ्या, वैदूने दिलेली पुडी यांचेही तसेच. यांपैकी काहींचा परिणाम अगदी प्रत्यक्ष असतो. ज्येष्ठमधाचा काढा रोज आणि जास्त प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो व पोटॅशियम उतरू शकते, आणि तो रुग्ण फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारे औषध) किंवा डिगॉक्सिन (हृदयाचे औषध) यांवर असेल तर धोका दुणावतो. सांधेदुखीवर किंवा दम्यावर ‘लगेच गुण येतो’ अशी ख्याती असलेल्या बिननावाच्या पुडीत स्टेरॉइड असण्याची शक्यता नेहमी मनात ठेवावी. अनेक महिने अशी पुडी घेणारा रुग्ण दाखल झाल्यावर ती अचानक बंद झाली, तर रक्तदाब आणि साखर एकदम खाली जाऊन तो गंभीर होऊ शकतो. त्यामुळे अशी पुडी सापडली की नातेवाइकांना रागावत न बसता ती जपून ठेवावी आणि त्याच वेळी डॉक्टरांना कळवावे. रागावल्यावर पुढच्या वेळी पुडी घरीच राहते, आणि मग आपल्या हाती काहीच लागत नाही.

तंबाखूविषयीही विचारावे, आणि निपाणीच्या परिसरात तर नक्कीच विचारावे. बिडी-सिगारेटच्या धुरामुळे थिओफायलिन हे दम्याचे औषध शरीरातून लवकर बाहेर पडते. रुग्णालयात दाखल झाल्यावर बिडी सुटली की तोच नेहमीचा डोस जास्त ठरू लागतो. दम्याच्या जुन्या रुग्णाला दाखल झाल्यानंतर दोन-चार दिवसांनी मळमळ, हात थरथरणे किंवा छातीत धडधड सुरू झाली तर हे कारण तपासून पाहण्यासारखे असते. मिश्री लावणाऱ्या किंवा तंबाखू चघळणाऱ्या बायकांना हा धुराचा परिणाम लागू होत नाही, तरी नोंद मात्र करावी.

भाषेच्या बाबतीत कोणताही संकोच बाळगू नये. आपला रुग्ण मराठी, कानडी किंवा उर्दू बोलणारा असू शकतो आणि आजारी माणूस स्वतःच्या भाषेतच नेमके सांगतो. मराठी परिचारिकेने किमान दोन-तीन प्रश्न कानडीत पाठ ठेवावेत, “इवत्तु मुंजाने याव गुळिगी तगोंडीरी?” म्हणजे आज सकाळी कोणत्या गोळ्या घेतल्या, एवढे विचारता आले तरी संभाषण सुरू होते. उत्तर पूर्ण कळले नाही तर सहकारी सिस्टरला किंवा ब्रदरला बोलवावे. शेजारच्या पलंगावरच्या नातेवाइकाला दुभाषी करणे टाळावे, कारण झोपेच्या, मनोविकाराच्या, गुप्तरोगाच्या किंवा गर्भनिरोधनाच्या गोळ्यांविषयी त्याच्या देखत कोणी खरे बोलत नाही. छातीत दुखण्यासाठी नायट्रेट घेणाऱ्या पुरुषाने सिल्डेनाफिल (लैंगिक दुर्बलतेवरची गोळी) घेतले असल्यास दोन्हींच्या एकत्र परिणामाने रक्तदाब जीवघेणा खाली जाऊ शकतो, आणि ही माहिती पत्नी-मुलांसमोर कधीच बाहेर येत नाही. हा प्रश्न पडदा ओढून, हळू आवाजात आणि एकट्यालाच विचारावा.

शेवटी गोळ्या मोजाव्यात. वीस दिवसांपूर्वी तीस गोळ्या दिल्या आणि स्ट्रिपेत पंचवीस शिल्लक आहेत, तर रुग्ण ती गोळी रोज घेत नाही हे उघड आहे. अशा वेळी “का घेतली नाहीसा?” असे दरडावून विचारू नये. “रोज घ्यायला काय अडचण येते?” असे विचारले की पैसे संपले, गोळीने पित्त होते, यल्लम्माच्या जत्रेला सौंदत्तीला गेलो होतो, सून माहेरी गेली होती अशी खरी कारणे कळतात. घरी न घेतली जाणारी रक्तदाबाची तीन औषधे रुग्णालयात एकाच दिवशी नेमाने सुरू केली तर रक्तदाब झपाट्याने घसरू शकतो, म्हणून ‘लिहून दिले आहे पण घेत नाही’ ही नोंद ‘घेतो’ या नोंदीइतकीच महत्त्वाची आहे.

तिसरी पायरी: एकच यादी

आता सगळी माहिती एका कागदावर उतरवावी. औषधाचे मूळ नाव, प्रमाण, मार्ग, दिवसातून किती वेळा, शेवटचा डोस कधी घेतला, कोणी सुरू केले, आणि कशासाठी, असे रकाने असावेत. माझ्या मते यांतला ‘कशासाठी’ हा रकाना सर्वांत उपयोगाचा आहे. तो भरताना ज्या औषधासमोर कारण सापडत नाही, तिथेच बहुधा काहीतरी चुकलेले असते: आजार बरा होऊन गेला तरी गोळी चालू राहिलेली असते, किंवा नावातील साम्यामुळे दुकानातून भलतीच गोळी आलेली असते. प्रेडनिसोलोन आणि प्रोप्रॅनोलॉल, हायड्रॅलाझिन आणि हायड्रॉक्सिझिन ही नावे घाईत लिहिलेल्या चिठ्ठीवर सहज एकमेकांसारखी दिसतात. कारण विचारले की ही गल्लत उघडी पडते.

शेवटच्या डोसची वेळही टाळू नये. रक्त पातळ करणारे औषध आज सकाळी घेतले की परवा, यावर शस्त्रक्रियेचा दिवस ठरतो. प्रमाण लिहिताना दशांशचिन्हानंतर अनावश्यक शून्य लिहू नये, आणि ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा, कारण ‘U’ हे इंग्रजी आद्याक्षर घाईत शून्यासारखे वाचले जाऊन दहापट डोस जाण्याची भीती असते.

चौथी पायरी: यादी आणि ऑर्डर शेजारी शेजारी ठेवणे

एका बाजूला आपली यादी आणि दुसऱ्या बाजूला ट्रीटमेंट शीट ठेवून ओळीमागून ओळ तपासावी. घरी चालू असलेले औषध शीटवर का नाही? शीटवरचे नवे औषध घरच्या एखाद्या औषधासारखेच आहे का? डोस बदलला असेल तर तो जाणूनबुजून बदलला आहे की उतरवताना बदलला? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधली की बहुतेक तफावती सापडतात. थायरॉइडची आणि फिटची गोळी या दोन गोष्टी दाखल होण्याच्या घाईत हमखास गळतात. फिटची गोळी चुकली तर झटका येऊ शकतो, म्हणून ती पहिल्या तासाभरात विचारून घ्यावी.

पॅरासिटामॉलचे पुनरावर्तन सर्वांत सहज नजरेतून सुटते. प्रौढ माणसासाठी दिवसाला ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा धरली जाते, आणि कृश, अशक्त किंवा यकृताचा आजार असलेल्या रुग्णात ती आणखी कमी ठेवतात. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या म्हणजे ३.९ ग्रॅम होतात. तापासाठी त्या चालू असताना दुखण्यासाठी असेक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलची जोडगोळी आणि सर्दीचे पाकीट यांतूनही तेच औषध पोटात गेले की मर्यादा कोणाच्याही नकळत ओलांडली जाते.

वेदनाशामक गोळ्यांकडे मूत्रपिंडाच्या दृष्टीनेही पाहावे. टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिलसारखे रक्तदाबाचे औषध, लघवी वाढवणारी गोळी आणि डायक्लोफेनॅकसारखे वेदनाशामक ही तिन्ही एका वेळी चालू असलेल्या रुग्णाला जुलाब-उलट्या झाल्या किंवा कडक उन्हात शेतात काम करून अंगातले पाणी कमी झाले, तर मूत्रपिंड अचानक काम करेनासे होऊ शकते. आपल्याकडे गुडघेदुखीवर ‘एक सुई मारून घेण्याची’ पद्धत इतकी रूढ आहे की तिची नोंद कोठेच सापडत नाही, म्हणून ती तोंडीच विचारावी लागते.

मधुमेहाच्या औषधांत ग्लिमेपिराइड आणि ग्लिबेनक्लामाइड यांच्याकडे अधिक काळजीने पाहावे. रुग्ण खात नसेल, उपाशी ठेवला असेल किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर या गोळ्यांमुळे साखर उतरते आणि ती अनेक तास वर येत नाही. ग्लिबेनक्लामाइड तर वयस्क माणसांत टाळावे अशीच शिफारस आहे. एकादशी, नवरात्र किंवा रमजानचे उपवास धरणाऱ्या रुग्णाला ही गोष्ट आवर्जून विचारावी, कारण उपवासातही ‘गोळी चुकवायची नाही’ म्हणून ती रिकाम्या पोटी घेतली जाते. मेटफॉर्मिन चालू असेल तर मूत्रपिंडाच्या गाळणक्षमतेचा आकडा पाहावा. तो ३० च्या खाली असेल तर हे औषध देत नाहीत. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधे घेणारा रुग्ण उपाशी असताना किंवा शस्त्रक्रियेच्या सुमारास साखर फारशी न वाढताही कीटोॲसिडोसिसमध्ये (रक्तात आम्ल साठण्याच्या गंभीर अवस्थेत) जाऊ शकतो, म्हणून उलट्या आणि धाप दिसल्यास साखरेच्या आकड्यावर विसंबून राहू नये.

क्षयरोगाचे उपचार चालू असलेल्या रुग्णात रिफॅम्पिसिन या क्षयरोगाच्या औषधाचा विचार सतत करावा लागतो. ते यकृतातील विकरांचा वेग वाढवते, त्यामुळे वॉर्फरिन व असेनोकुमारॉल ही रक्त पातळ करणारी औषधे, गर्भनिरोधक गोळ्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्या यांचा परिणाम कमी होतो. उपचार संपून रिफॅम्पिसिन बंद झाले की उलट घडते, आणि वाढवून ठेवलेला वॉर्फरिनचा डोस आता रक्तस्रावाला कारण ठरतो. या रुग्णांच्या लघवीचा रंग नारिंगी होतो, तो रक्ताचा नव्हे, हे आधीच सांगून ठेवल्यास घाबरून औषध सोडण्याचे प्रकार टळतात.

आणखी एक औषध कधीच नजरेआड करू नये, ते म्हणजे मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतले गेल्याने तोंडात व्रण पडणे, रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घटणे आणि मृत्यू होणे असे प्रकार जगभर नोंदले गेले आहेत. शीटवर ते ‘रोज’ असे दिसले तर डोस न देता ताबडतोब डॉक्टरांना गाठावे. यादीत आणि डिस्चार्ज कार्डावर वाराचे नाव लिहावे, उदाहरणार्थ ‘फक्त दर सोमवारी’.

पाचवी पायरी: डॉक्टरांना कळवणे

तफावत सापडली की औषध बदलण्याचा किंवा बंद करण्याचा अधिकार परिचारिकेचा नाही. शंका असलेला डोस थांबवून विचारण्याचा अधिकार मात्र तिचा आहेच आणि ते तिचे कर्तव्यही आहे. “सर, त्या आजींच्या गोळ्या जरा बघा” असे मोघम सांगितल्याने काही होत नाही. रुग्ण कोण, नेमके काय आढळले, आत्ताचा रक्तदाब, नाडी किंवा तपासणीचा आकडा किती, आणि आपल्याला काय हवे आहे, हे चार वाक्यांत सांगावे: “सर, ६ नंबरच्या आजी घरी टेल्मिसार्टन ४० दोन ठिकाणांहून दोन वेळा घेत होत्या. आत्ता रक्तदाब ९८/६० आहे, क्रिएटिनिन १.८ आहे. शीटवरही टेल्मिसार्टन ४० लिहिले आहे. आजचा डोस द्यायचा की थांबवायचा?”

फोनवरची ऑर्डर घेताना ती लिहून, परत वाचून दाखवून, होकार घेऊनच अमलात आणावी, आणि डॉक्टर आल्यावर सही घ्यावी. उत्तर समाधानकारक वाटले नाही तर वॉर्ड इन्चार्जला आणि रुग्णालयातील फार्मासिस्टला विचारावे. ज्येष्ठ डॉक्टरांना पुन्हा विचारायला नव्या मुलींना भीती वाटते हे मी जाणते, पण ज्या डॉक्टरांना आपल्या रुग्णाची काळजी असते त्यांना असा फोन खुपत नाही. विचारलेले, मिळालेले उत्तर आणि वेळ ही तिन्ही केस पेपरवर लिहावीत.

सहावी पायरी: प्रत्यक्ष देण्याच्या क्षणी

योग्य रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ हे पाच नियम सर्वांना पाठ असतात, म्हणून त्यांची उजळणी करत नाही. दोन-तीन ठिकाणे मात्र विशेष सांभाळण्याची आहेत.

इन्शुलिनच्या बाबतीत आपल्या देशात दोन ताकदी एकाच वेळी प्रचारात आहेत. बाटलीतून मिळणारे इन्शुलिन बहुधा मिलिलिटरमागे ४० युनिटचे असते, तर पेनमधले १०० युनिटचे असते, आणि दोघांच्या सिरिंजाही वेगळ्या असतात: ४० च्या सिरिंजचे टोपण लाल, १०० च्या सिरिंजचे केशरी. समजा २० युनिट द्यायचे आहेत. ४० च्या बाटलीतून १०० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढले तर रुग्णाला फक्त ८ युनिट मिळतात आणि साखर चढत राहते. उलट १०० चे इन्शुलिन ४० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढले तर ५० युनिट जातात, आणि ती चूक जिवावर बेतू शकते. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा प्रत्येक वेळी मोठ्याने वाचावा, दुसऱ्या परिचारिकेकडून स्वतंत्रपणे तपासून घ्यावा, आणि पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्शुलिन कधीही ओढू नये. घरी कोणती सिरिंज वापरतात तीही पाहून घ्यावी. ४० ची बाटली आणि १०० ची सिरिंज अशी जोडी घरात सापडते.

पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण थेट शिरेत कधीही ढकलायचे नसते. ते पातळ करून, पूर्ण मिसळून आणि ठरलेल्या वेगानेच द्यायचे असते. त्याच्या ॲम्प्युल सामान्य ट्रेमध्ये इतर ॲम्प्युलांशेजारी ठेवलेल्या दिसल्या तर त्या वेगळ्या, चिकटपट्टीने खूण केलेल्या जागी हलवण्यासाठी इन्चार्जकडे आग्रह धरावा. हेपॅरिन आणि मॉर्फिनसारख्या औषधांनाही दोघींची तपासणी लागते, आणि दुसरीने ती पहिलीचे गणित न पाहता स्वतः करावी.

डिगॉक्सिनपूर्वी एक मिनिट नाडी मोजावी आणि प्रौढ रुग्णात ती ६० च्या खाली असेल तर डोस थांबवून विचारावे. नाकातून नळी घातलेल्या रुग्णासाठी गोळी कुटण्यापूर्वी ती हळूहळू विरघळणारी किंवा आतड्यात फुटणारी नाही ना, हे स्ट्रिपवर वाचावे. हळूहळू विरघळणारी गोळी कुटली तर दिवसभराचा डोस एकदम सुटतो, आणि आतड्यात फुटणारी कुटली तर तिचे संरक्षक आवरणच जाते. थायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी द्यावे आणि लोह व कॅल्शियमच्या गोळ्या त्यानंतर किमान चार तासांनी द्याव्यात. सकाळी सातच्या राउंडला सगळ्या गोळ्या एकाच वाटीत घालून देण्याच्या सवयीमुळे हे अंतर राहत नाही.

सातवी पायरी: घरी पाठवताना

डिस्चार्जच्या दिवशी यादीचे तीन भाग करावेत: चालू ठेवायची औषधे, नवी औषधे आणि बंद केलेली औषधे. बंद केलेल्यांची यादी बहुधा कोणी देत नाही, आणि म्हणून घरी गेल्यावर जुनी पिशवी पुन्हा उघडली जाते. बंद झालेल्या औषधांच्या स्ट्रिपा नातेवाइकांसमोर वेगळ्या काढून, त्या आता घ्यायच्या नाहीत असे त्यांच्याकडून वदवून घ्यावे.

सूचना रुग्णाला वाचता येईल त्या लिपीत, मराठीत किंवा कानडीत लिहाव्यात. वाचता येत नसेल तर स्ट्रिपवर सूर्य आणि चंद्र काढून सकाळ-रात्र दाखवावी. औषधांची मूळ नावे मात्र इंग्रजीतही ठेवावीत, म्हणजे हाच कागद मिरजेच्या, कोल्हापूरच्या आणि गावच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना तितकाच वाचता येतो. “पुढच्या वेळी कुठंही गेलासा तरी हा एकच कागद आधी दाखवा” असे सांगून त्याचा फोटो घरातील दोघांच्या मोबाईलमध्ये काढून ठेवायला लावावा.

घरी गोळ्या प्रत्यक्ष कोण देते ते विचारावे आणि त्याच व्यक्तीला समजावून सांगावे. सून देत असेल तर मुलाला समजावून उपयोग नाही. सांगून झाल्यावर “कळलं काय?” असे न विचारता “उद्या सकाळी आजींना काय काय देणार ते मला सांगा बघू” असे विचारावे, म्हणजे काय राहिले ते लगेच कळते. फ्रिज नसलेल्या घरी इन्शुलिन उन्हापासून दूर, गार जागी किंवा ओल्या मडक्यात कोरड्या डबीत कसे ठेवायचे ते दाखवावे, आणि फ्रिज असेल तर बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये असेही सांगावे.

दुष्परिणाम दिसल्यास

औषधामुळे अपाय झाल्याची शंका आली तर केवळ केस पेपरवर लिहून थांबू नये. भारतात २०१० पासून औषध-सुरक्षा देखरेखीचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, त्याचे समन्वय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे, आणि परिचारिकाही त्याकडे नोंद पाठवू शकतात. १८००-१८०-३०२४ या विनाशुल्क क्रमांकावर माहिती देता येते. औषधानेच हे झाले असे सिद्ध करण्याची जबाबदारी कळवणाऱ्यावर नसते, शंका पुरेशी असते. पुडी किंवा काढ्याने झालेल्या अपायाचीही नोंद करावी.

सगळ्या रुग्णांची अशी पूर्ण पडताळणी एका शिफ्टमध्ये होणार नाही. सुरुवात साठीच्या पुढील, पाचांहून अधिक औषधे असलेल्या, मूत्रपिंड कमजोर असलेल्या, आणि इन्शुलिन, रक्त पातळ करणारी औषधे, डिगॉक्सिन किंवा मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या रुग्णांपासून करावी. ज्या शंकांची उत्तरे मिळाली नाहीत त्या हँडओव्हरच्या वेळी पुढच्या सिस्टरला तोंडी आणि लेखी अशा दोन्ही प्रकारे द्याव्यात, आणि कोणत्या डॉक्टरांना किती वाजता विचारले होते तेही त्यात लिहावे.